चार पिस्टनचा ब्रेक

"पण थांबेल ना, वस्ताद?"

गणी वस्तादांनी वर बघितलं नाही. मांडीवर घेतलेल्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये ते एक डोळा मिटून बघत होते.

"वस्ताद, मी विचारतोय..."

"ऐकलं की. काल फोनवर पण ऐकलं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय थांबायला पायजे तुला?"

"सायकल. दुसरं काय?"

"सायकल थांबंल."

एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर माणसाला हायसं वाटायला हवं. धैर्यशीलला उलट राग आला.

नाव धैर्यशील, आडनाव इंगवले. बारशाला आईबाप हौसेनं नाव ठेवून मोकळे होतात, पुढे ते निभवायचं ज्याचं त्यानं. धैर्यशीलनं आजवर ते बऱ्यापैकी निभावलं होतं. कोल्हापुरात डोंगरातल्या सायकलींचा विषय निघाला की याचं नाव निघायचंच. जिथून बाकीचे सायकल खांद्यावर घेऊन उतरत, तिथून हा चालवत उतरायचा आणि खाली मागच्यांची वाट बघत केळी खात बसायचा. तोंडही जरा सुटलेलंच होतं. उतारावर ब्रेक मारणाऱ्यांना तो 'आजोबा' म्हणायचा.

हे सगळं मे महिन्यापर्यंत.

मे महिन्यात, वळिवाच्या एका सरीनंतर, बैलखिंडीच्या उतारावर त्याचा ब्रेक गेला. खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी टाकली, हाड जुळलं, हात पहिल्यासारखा वर जायला लागला. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं.

निभावलं नव्हतं. जिना उतरताना त्याला कठडा लागायला लागला. बायको गाडी चालवत असली की शेजारी बसलेल्या याचा उजवा पाय आपोआप खालचं मॅट दाबायचा. ती आधी हसायची, मग हसायची थांबली. चारचौघांत तो पूर्वीसारखाच बोलायचा, फक्त सायकलला हात लावत नव्हता, आणि विचारलं तर खांद्याचं नाव सांगायचा.

आणि मनवा. त्याची सात वर्षांची मुलगी. घरासमोरच्या मैदानात ती सायकल शिकत होती आणि हा सीट धरून मागून पळत होता. गल्लीतली तिच्या बरोबरीची सगळी पोरं केव्हाच शिकून हात सोडून चालवायला लागली होती. मनवाची सायकल अजून बापाच्या हातात होती. एकदा ती मान वळवून म्हणाली, "पप्पा, तुम्ही धरलं की सायकल जड होते."

 त्यानं सीट सोडली नाही. पण त्या संध्याकाळी त्याला पहिल्यांदा खरी धास्ती वाटली. आपल्या अंगातलं हे आता पोरीच्या अंगात उतरणार, आणि आपल्यालाच ते दिसत राहणार, ही धास्ती.

त्यानं ठरवलं, एकदाच बैलखिंड पुन्हा उतरायची. उतरलो की हे भूत जाईल. त्यासाठी नवी सायकल बांधायची, आणि तिला असा ब्रेक लावायचा की तो जन्मात दगा देणार नाही.

म्हणून तो गणी वस्तादांकडे आला होता.

गगनबावड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक लांबट पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. गणी वस्तादांनी आयुष्यात कधी आखाड्याची माती अंगाला लावली नाही, तरी त्यांना वस्ताद ही पदवी कुणी दिली हे आता कुणालाच आठवत नाही. तरुणपणी ते शर्यती मारायचे. आता सायकली बांधतात, म्हणजे बांधायला लावतात. ज्याची सायकल त्यानं स्वतःच्या हातानं बांधायची, वस्ताद स्टुलावर बसून चुका काढणार, असा तिथला रिवाज. गिऱ्हाईक आवडलं नाही तर दार दाखवतात. पुण्याहून आलेल्या एकाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं, कारण त्यानं आल्या आल्या रंग विचारला होता.

धैर्यशील त्यांच्या हाताखाली तयार झालेला. त्यामुळे त्याला दार दाखवायचा प्रश्न नव्हता. बोलणी मात्र खावी लागायची.

"कुठला लावायचा म्हणतोयस?" वस्तादांनी विचारलं.

"चार पिस्टनचा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे. आणि डिस्क दोनशे तीन मिलिमीटरची, सगळ्यात मोठी."

"मागं पण?"

"मागं पण."

"वजन किती तुझं?"

"अडुसष्ट किलो."

"मग संगट म्हशी घिऊन उतरणार हाईस का काय?"

धैर्यशील हसला नाही.

या ब्रेकचं काम तसं साधं असतं. बोटानं लिव्हर दाबली की नळीतलं तेल पुढे सरकतं, तेल पिस्टनला ढकलतं, आणि कॅलिपरमधले पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड दाबून चाकाबरोबर फिरणारी पोलादी डिस्क धरतात. दोन पिस्टन असले तर चांगलं धरतात. चार असले तर फारच चांगलं धरतात. अडुसष्ट किलोच्या माणसाला दोन पुरतात, हे धैर्यशीलनं आजवर पन्नास जणांना सांगितलं असेल.

"मोठी डिस्क लवकर तापत नाही," तो म्हणाला. "चार पिस्टनला बोटाचा जोर कमी लागतो. आणि तेलही मी बदलणार आहे. मी सगळं वाचून काढलंय, वस्ताद."

"वाचलंयस म्हंजे झालंच की."

वस्ताद चेष्टा करतायत की खरंच म्हणतायत, हे त्यांच्या तोंडावरून कधीच कळत नसे.

"जुना आणलायस?"

धैर्यशीलनं पिशवीतून मे महिन्यातला ब्रेक काढला. त्याला तो हातात धरवत नव्हता. डिस्कवर निळे-जांभळे पट्टे उठले होते. पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते. वस्तादांनी एक पॅड नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"भाजलाय."

"भाजला म्हणूनच तर गेला. तेल उकळलं. हलका माल होता."

"माल बरा हाय की."

"मग गेला कसा?"

"तेच म्या इचारालोय."

 दसऱ्याला हत्यारांना वाहिलेली झेंडूची फुलं पान्यांवर सुकून गेली होती, त्यातलं एक खाली पडलं.

"उतरताना बोट कुठं असतंय तुझं?" वस्तादांनी विचारलं.

"लिव्हरवर. सगळ्यांचंच असतं."

"ठेवलेलं, का दाबलेलं?"

धैर्यशीलचे कान तापले. "वस्ताद, किती वर्षं बघताय मला? ब्रेक धरून उतरणाऱ्यातला मी नाही. ते काम आजोबा लोकांचं."

"बरं... बरं." वस्तादांनी पॅड त्याच्या तळहातावर ठेवला. "तुला चार पायजेत न्हवं? लाव चार."

इतक्या लवकर ते ऐकतील असं त्याला वाटलं नव्हतं. भांडतील, शिव्या घालतील, दोनच लाव म्हणतील, आणि मग आपण पटवून देऊ, अशी त्याची तयारी होती. वाद घालायला कुणी नसलं की माणूस स्वतःशी एकटा पडतो, आणि धैर्यशीलला सध्या तेच नको होतं.

ब्रेक आले. त्यानं ते स्वतः लावले. नळ्या मापानं कापल्या, तेल भरलं, आतली हवा काढली, पुन्हा भरलं, पुन्हा काढली. एकही बुडबुडा दिसेनासा झाला तरी तो थांबेना. वस्ताद स्टुलावर बसून बघत होते आणि आश्चर्य म्हणजे एकही चूक काढत नव्हते. चूक नव्हतीच. इतकं निगुतीनं काम धैर्यशीलनं आजवर केलं नव्हतं.

सायकल पूर्ण झाली त्या दिवशी दुपारपासूनच कोकणातून धुकं वर यायला लागलं. घाटाच्या तोंडाशी ते असंच येतं. आधी समोरची झाडं गेली, मग रस्ता गेला. शेडच्या दारात ते येऊन उभं राहिलं.

सायकल लोखंडी स्टँडला अडकवलेली होती. धैर्यशीलनं पुढचं चाक जोरात फिरवलं आणि एका बोटानं लिव्हर दाबली. चाक जागच्या जागी गप्प झालं.

"बघितलंत?" तो म्हणाला. त्याचा आवाज खूप दिवसांनी पूर्वीसारखा आला होता.

"बघितलं. चल मग."

"कुठे?"

"बैलखिंडीत. हितनं कितीसं लांब हाय? दिस मावळायच्या आत खाली पोचशील. म्या गाडी घिऊन पायथ्याला येतो."

धैर्यशीलनं दाराबाहेर बघितलं.

"आज? ...धुकं आहे, वस्ताद."

"त्या दिशी पण हुतं न्हवं?"

  जगातला सगळ्यात भारी ब्रेक समोर लावलेला होता, आत्ताच ब्रेकनं चाक धरलेलं त्यानं स्वतः बघितलं होतं, आणि तरीसुद्धा त्याचा पाय दाराकडे वळत नव्हता. मग ब्रेकनं काय बदललं? हा विचार येताच तो आणखी घाबरला, कारण ब्रेकच्या पुढे त्याच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

"पुढचं चाक..." तो घाईघाईनं म्हणाला. "पुढचं चाक जरा हलल्यासारखं वाटतंय. बघा बरं. असं कसं नेणार?"

चाक हलत नव्हतं. दोघांनाही माहीत होतं.

"हलतंय म्हंतोयस? बघू." वस्ताद उठले. त्यांनी चाकाच्या मधला एक्सल सोडवला, चाक फोर्कच्या दोन दांड्यांमधून खाली उतरवलं आणि हातात घेऊन पुन्हा स्टुलावर बसले. एका हातात एक्सल धरून दुसऱ्या हातानं चाक हळूच फिरवलं. कान लावून ऐकत बसले.

"काय आहे?" धैर्यशीलनं विचारलं.

"बघतोय. तवर तू सांग. पडलास कसा?"

"माहितीये तुम्हाला."

"मला लोकांनी सांगितलंय. तू न्हाई सांगितलंस."

"काय सांगायचं? ब्रेक गेला, पडलो."

"असं न्हवं. हँडल धर." वस्तादांनी मानेनं सायकलकडे खूण केली. "धर की. स्टँडवर हाय, कुठं पळत न्हाई. डोळे मीट... आणि वरनं सांग."

धैर्यशीलला हे पोरखेळासारखं वाटलं. पण वस्तादांपुढे नाही म्हणायची सवय नव्हती. त्यानं पुढे होऊन हँडल धरलं. डोळे मिटले. धुक्याचा ओला वास मिटल्या डोळ्यांआड जास्तच आला.

"खिंडीच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड आहे," त्यानं सुरुवात केली. "तिथे सगळे थांबतात. आम्ही चौघं होतो. मी म्हटलं, मी पुढे होतो, तुम्ही आजोबा लोक या मागून."

"मग?"

"मग सुटलो. समोर दहा-बारा हात दिसत होतं."

"पैलं वळण."

"डावं. तिथे... तिथे चाकाखालून एक दगड सुटला. मुठीएवढा. तो कडेवरून खाली गेला."

"बरं."

"मी आवाजाची वाट बघत होतो."

वस्तादांनी चाक पुन्हा हळूच फिरवलं.

"आलाच नाही, वस्ताद."

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, बरोबरच्या तिघांना नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हेसुद्धा त्याला आत्ता कळत होतं. दगड पडला आणि आवाज आला नाही. एवढंच. पण त्या क्षणाला त्याच्या पाठीतून जे गार काहीतरी सरकत गेलं होतं, ते आत्ता या शेडमध्ये तसंच्या तसं सरकत गेलं.

"मग?"

"मग ब्रेक धरला. थोडासाच."

"कुठवर?"

"दुसऱ्या वळणापर्यंत."

"तितं सोडलास?"

"...नाही."

"तिसऱ्याला?"

"तिसऱ्याला कशाला सोडू?" त्याचा आवाज चढला. "खाली काय आहे दिसत नव्हतं, वस्ताद! मागून ते तिघं येत होते, हसत होते. मला थांबता येत नव्हतं. मी थांबलो असतो तर... मी कसा थांबणार? मी पुढे होतो."

"चौथं."

"चौथ्याला जळका वास आला. मला वाटलं, कुणीतरी गवत पेटवलंय. मग लिव्हर मऊ पडली. लोण्यासारखी. बोटं हँडलला टेकली तरी पुढे काहीच नव्हतं. मी दाबतोय, परत दाबतोय, आणि सायकल पळतेय... परत दाबतोय..."

तो धापा टाकत होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं डोळे उघडले नाहीत.

"मग मी आडवा पडलो. मुद्दाम की आपोआप, ते नाही सांगता येत. थांबलो तेव्हा एक पाय जमिनीवर नव्हता. पायाखाली नुसता वारा होता. तो पायाला लागत होता. कारवीचं एक झुडूप माझ्या हातात होतं. तिघं आले, मला काखेत धरून आत ओढलं, म्हणाले, सोड आता, धरलंय आम्ही. मला ऐकू येत होतं. पण मी सोडेना."

तो थांबला. 

बाहेर घाटातून एक ट्रक हॉर्न देत चढत होता. दिसत नव्हता, नुसता आवाज वर येत होता.

"उघड डोळे," वस्ताद म्हणाले. ते चाक घेऊन समोर येऊन उभे होते. "चाकाला काय झाल्यालं न्हाई. घालू?"

धैर्यशीलनं मान हलवली. 

वस्तादांनी चाक फोर्कखाली नेलं आणि वर उचललं. डिस्क दोन पॅडच्या मधल्या फटीत सरकायला हवी होती. ती कॅलिपरवर आपटली. त्यांनी चाक खाली घेतलं, सरळ केलं, पुन्हा उचललं. पुन्हा आपटली.

धैर्यशील वाकला. बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

पॅडच्या मधे फटच नव्हती. दोन्ही पॅड एकमेकांवर दाबून बसले होते, मधून कागदही गेला नसता. मधे डिस्क नसताना लिव्हर दाबली की असंच होतं. पिस्टन धरायला काहीतरी शोधत पुढे येत राहतात, आणि काही सापडलं नाही की एकमेकांनाच धरून बसतात. म्हणून चाक काढलं की पॅडच्या मधे आधी पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. वस्तादांच्या शेडमध्ये असे तुकडे खिळ्याला टांगलेलेच असतात. आज त्यांनी त्यातला एकही काढला नव्हता. आणि नवशिक्या पोरांना याच चुकीसाठी सगळ्यात जास्त झापणारा माणूस धैर्यशीलच होता.

त्यानं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. दोन बोटं लिव्हरवर होती. लिव्हर अजून दाबलेली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

त्यानं हात सोडवून घेतला. सोडवायला वेळ लागला.

"मी... माझ्या लक्षातच नाही आलं, वस्ताद. थांबा, मी उघडतो..." तो ओशाळून म्हणाला आणि पॅड मागे सारायला प्लास्टिकची पट्टी शोधू लागला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

दुसऱ्या हातात एक्सलला धरलेलं चाक होतं. ते आपल्या आपण हळूहळू फिरत होतं. त्याला अडवायला काहीच नव्हतं.

"चाक तर माझ्या हातात हाय, लेका... तू मगापास्नं धरलंयस कुणाला?"